अकरा बेचाळीसचा पाहुणा

कॉम्प्युटरच्या पाठीवरची सगळी रिकामी भोकं मावशीने स्वतःच्या हाताने, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून बुजवली होती. तरीसुद्धा मंगळवारी सकाळी अकरा बेचाळीसला त्यात कोणीतरी शिरलं होतं, आणि नऊ मिनिटं बसून निघूनही गेलं होतं.

"हे वाचा," साहेब म्हणाले. त्यांचं बोट पडद्यावर होतं.

मावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. दोन ओळी होत्या. ११:४२, साठवणीचं उपकरण जोडलं, नाव 'साठा'. ११:५१, उपकरण काढलं.

"म्हणजे पेन ड्राइव्ह?"

"पेन ड्राइव्ह, डिस्क, ज्यात फाइल मावते असं काहीही. मंगळवारपासून इथून मुंगीसुद्धा बाहेर गेलेली नाही. म्हणजे ती वस्तू आतच आहे. आणि ती सापडेपर्यंत दार उघडणार नाही."

दार आज संध्याकाळी पाचला उघडायचं होतं.

छापखान्याचं हे काम वर्षातून एकदा असे. औषधविक्रीच्या परवान्याची परीक्षा, तिची प्रश्नपत्रिका. चार कामाची माणसं आणि एक साहेब आत घेत, फोन दारावरच्या पेटीत ठेवून घेत, दाराला लाखेचं सील लावत आणि छपाई संपेपर्यंत विसरून जात. खिडक्यांना पत्रे ठोकलेले. जेवण आणि चहा भिंतीतल्या झडपेतून येई, हात आत येई, चेहरा नाही. नऊ दिवस तीच ट्यूबलाइट, तोच शाईचा वास, तीच चार तोंडं. पाचव्या दिवशी माणसं एकमेकांच्या जांभया ओळखू लागली होती. सातव्या दिवशी त्यांचा राग येऊ लागला होता.

मावशी चौघांतली एक. यंत्रं दुरुस्त करायची. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं तिला बंद पडलेल्या वस्तूंनी शिकवलं.

"आणि हे तुमच्यासाठी. दारावर देऊन गेले." साहेबांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली.

विहीणबाईंचं अक्षर. *पहाटेपासून कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेतोय. तुमचे जावई बोटीवर, फोन लागत नाही. पोरगी तुमचंच नाव घेते आहे. दार उघडलं की थेट या.*

मावशीने ती दोनदा वाचली. मग घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

"साहेब, मला सोडा."

"सोडतो. लगेच सोडतो." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मंगळवारी त्या वेळी कॉम्प्युटरसमोर प्रूफवाली मुलगी एकटी होती. चोरी तिनेच केली, दुसरं कोणाला शक्य नाही, असं यंत्रं जाणणारी म्हणून तुम्ही लिहून द्या. तिला चौकीत पाठवतो, तिच्याकडून वस्तू ते काढतील. बाकीच्यांना मी आत्ता मोकळं करतो."

"आणि सही नाही केली तर?"

"तर पाचला मला वर कळवावं लागेल. प्रश्नपत्रिका रद्द. नवी येईल, नवी छपाई. आणखी चौदा दिवस, हीच माणसं, हेच दार."

मावशीने पेन घेतलं. टोपण काढलं. खरं सांगायचं तर टोक कागदाला टेकलंसुद्धा, निळा ठिपका उमटला.

काचेपलीकडे बाकावर ती मुलगी बसली होती. सगळे तिला 'अनुस्वार' म्हणत, कारण ती एवढीशी होती आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसायची. झडतीत तिची उशीसुद्धा उसवली होती. ती कापूस परत उशीत भरत होती, एकेक बोळा, अगदी नीट.

मावशीने टोपण लावलं.

"पाचपर्यंत वेळ आहे ना? मग पाचपर्यंत मला कोणी अडवायचं नाही."

"मावशी, तुमची मुलगी..."

"माझी मुलगी माझ्या ध्यानात आहे. तुम्ही आठवण करून देऊ नका, हातातलं काम चुकतं."

आधी तिने कॉम्प्युटर फिरवला. मागे आठ यूएसबी पोर्ट. पाचांत लांबी, दगडासारखी. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला आणखी दोन, त्यांतही तीच. मागच्या उरलेल्या तीन पोर्टांत कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर यांच्या वायरी, आणि त्यांच्यावर तिनेच बसवलेली लोखंडी पट्टी. पट्टीच्या स्क्रूंवर लाख, लाखेवर साहेबांची मोहोर. कुठे ओरखडा नाही.

"पट्टी न काढता इथे टाचणीसुद्धा शिरत नाही," ती म्हणाली. "आता मला सगळ्या ओळी दाखवा. तुम्ही दोनच दाखवल्या."

साहेबांनी यादी खाली-वर केली. मावशीने बोट ठेवून वाचलं. ११:४१, प्रिंटर काढला. मग त्या दोन ओळी. मग ११:५३, प्रिंटर जोडला.

"प्रिंटर काय, रोजच रुसतो," साहेब म्हणाले.

"हं," मावशी म्हणाली. "आणि हे 'साठा' नाव?"

साहेबांनी घसा खाकरला. "गेल्या वर्षीच्या डिस्कचं. संध्याकाळी ती डिस्क जोडायची, की कॉम्प्युटर दिवसभराच्या कामाची नक्कल आपोआप तिच्यावर उतरवायचा. यंदा ते बंद केलं. डिस्क माझ्या कपाटात आहे, सीलबंद. बघितली मी. तशीच आहे."

"संध्याकाळी ती जोडायचं कोण?"

"ज्याला वेळ असेल तो. पॅकिंगचे काका, छपाईवरचा गडगड्या. एकदोनदा तुम्हीही."

"आणि आपोआप उतरवायची ती सूचना? ती कॉम्प्युटरमधून काढली?"

"भोकंच बुजवली की! मग सूचना काढायची कशाला?"

मावशीने यादीवरून बोट उचललं. तिच्या चेहऱ्यावर, दुधाचं पातेलं गॅसवर राहिल्याचं आठवलेल्या बाईचे भाव आले.

अनुस्वार उशी मांडीवर घेऊन बसली होती.

"मंगळवारी साडेअकरा ते बारा. तू कुठे होतीस?"

"खुर्चीत. सांगितलं ना साहेबांना. दहा वेळा सांगितलं."

"मला एकदा सांग. उठलीस?"

"नाही."

"कोणी आलं?"

"नाही." ती थांबली. "मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, नाही मावशी? कोणीतरी आलं होतं म्हटलं असतं."

"मग पडद्यावर काही वेगळं?"

"काही नाही. प्रिंटर सापडत नाही म्हणत होता. मी प्रूफ दोनदा पाठवलं, एकदाही आलं नाही. मग थोड्या वेळाने दोन्ही एकदम आली. काकांनीच आणून दिली, पलीकडे होते म्हणून."

"उठून बघायला गेली नाहीस?"

"प्रिंटर शेजारच्या खोलीत. जायचं म्हणजे बोळकांडीतून वळसा. मी प्रश्न त्र्याहत्तरवर होते, त्यात दोन उत्तरं बरोबर येत होती. मी जागची हलले नाही."

"गेल्या वर्षी इथे होतीस?"

"माझं हे पहिलंच काम." तिने मान खाली घातली. "आणि शेवटचं. एकदा असं नाव लागलं की मला कोण छापखान्याच्या पायरीवर उभं करेल? मला दुसरं काही येत नाही, मावशी. मला फक्त चुका दिसतात."

"मग गप्प बस आणि उशी शीव," मावशी म्हणाली, आणि जाता जाता तिच्या केसांतला कापूस काढला.

गडगड्या छपाईयंत्रावर होता. बोलणं यंत्रासारखं, म्हणून नाव तसं.

"मंगळवारी साडेअकरा ते बारा कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? इथे! यंत्र चालू! मी काय सिनेमाला गेलो होतो?"

"यंत्र बंद होतं."

"कोण म्हणतं?"

"माझे कान म्हणतात. मी झडपेशी चहा घेत होते. यंत्र चालू असलं की कपबशीचा आवाज येत नाही, तेव्हा आला."

गडगड्याने फडक्याने हात पुसले. पुसलेच होते, परत पुसले.

"मावशी, चोरी मी नाही केली."

"मी तसं विचारलं नाही. कुठे होतास?"

"कागदाच्या कोठारात." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मागच्या दाराखाली फट आहे. दोन बोटांची. मी तिथे आडवा पडतो. रोज, साडेअकराला. गाल फरशीला लावला की बाहेरची हवा लागते. माझा जीव घुसमटतो हो इथे. सहा फुटी माणूस, कोणाला सांगू?"

"कोणी पाहिलं?"

"पाहिलं म्हणजे, दाराबाहेर पहारेकरी असतो. बोलायची बंदी आहे. पण मी फटीवर टकटक केली की तो एवढंच सांगतो, ऊन की ढग."

"मंगळवारी काय होतं?"

"ढग. मग ऊन आलं तेव्हा त्याने परत सांगितलं. मी न विचारता."

मावशीने झडपेतून पहारेकऱ्याला विचारलं. पलीकडची पावलं झडपेजवळ सरकली. मग आवाज आला, "माझी नोकरी जाईल बाई. पण हो. साडेअकरा ते बाराला पाच कमी. तो तिथेच होता. नाक दिसतं त्याचं."

घड्याळात दीड वाजला होता. दवाखान्यात काय चाललं असेल ते मनात येऊ द्यायचं नाही असं मावशीने ठरवलं होतं, आणि ते दर पाच मिनिटांनी परवानगी न घेता येत होतं.

पॅकिंगचे काका पाकिटांच्या ढिगांमध्ये बसले होते. साठीला आलेले, स्वच्छ, मऊ बोलणारे. नऊ दिवसांत सगळ्यांच्या कुरबुरी त्यांनीच ऐकल्या होत्या.

"बसा मावशी. चिठ्ठी आली म्हणे. लेकीची?"

"हो."

"पहिलंच ना? पहिल्याला वेळ लागतो. पोचाल तुम्ही." त्यांनी आपला पाण्याचा पेला पुढे केला. "त्या पोरीचं वाईट वाटतं. पण कधी कधी माणसाकडून होतं."

"मंगळवारी साडेअकराला तुम्ही कुठे होतात, काका?"

"इथेच. बघा की." त्यांनी वही पुढे केली. सुवाच्य अक्षर. पाकिटाचा क्रमांक, वेळ, वजन. साडेअकरा ते बारा, आठ पाकिटं. "पाचशे कागदांचं पाकीट साधारण अडीच किलो भरतं. कमी भरलं की समजायचं, कागद चोरला. माझं काम तेवढंच."

"काटा नवा दिसतो."

"माझाच आहे. इथला जुना झोके खायचा. येताना दारावर तपासला त्यांनी, वर हात ठेवून बघितला. हाताचं वजन बरोबर दाखवलं." ते हसले.

मावशीने काटा उचलून पाहिला. जाडजूड, सेलवर चालणारा. मागे एक चौकोनी तोंड होतं, कॉम्प्युटरला जोडायला असतं तसं. काट्याच्या पाठीवर कागदाची भुकटी बसली होती, बोट फिरवलं की रेघ उठत होती. त्या तोंडाच्या कडा मात्र लख्ख होत्या.

"हे वापरता?"

"छे. कशाला जोडणार? इथे एकच कॉम्प्युटर, तोही तुम्ही बुजवलेला."

"गेल्या वर्षी तुम्ही कार्यालयात होतात ना? नोंदी ठेवायला?"

"हो. यंदा इथे बसवलं." काकांनी एका पाकिटाची कड सरळ केली. "वय झालं की माणसाला पाकिटं मोजायला लावतात."

मावशी तिथून उठून प्रिंटरच्या खोलीत गेली. प्रिंटर पूर्वी कॉम्प्युटरशेजारीच होता. तिथे जागा होईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनेच भिंतीला मुठीएवढं छिद्र पाडून वायर इकडे आणली होती. ती प्रिंटरच्या मागे जाऊन उभी राहिली. वायर भिंतीतून येत होती आणि प्रिंटरच्या पाठीत शिरत होती. मावशी बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला, चांगला जोरात.

"अगं बाई," ती स्वतःलाच म्हणाली. "बाई गं बाई."

त्यानंतर तिने एक विचित्र काम केलं. गडगड्याला बोलावून मंगळवारची चाळीस पाकिटं काढली आणि काकांच्याच काट्यावर, काकांच्याच समोर, एकेक परत तोलली. काका शेजारी उभे राहून मदत करत होते. हळूहळू त्यांनी मदत करणं थांबवलं.

चार वाजता तिने सगळ्यांना एकत्र केलं. साहेब कॉम्प्युटरसमोर बसले. भिंतीतल्या छिद्रातून आवाज नीट जाई. पलीकडे, प्रिंटरच्या खोलीत, मावशी, अनुस्वार, गडगड्या आणि काका.

"साहेब, ऐकू येतंय ना?"

"येतंय. पण मावशी, पाच..."

"माहीत आहे. मी भराभर सांगते, तुम्ही मधे बोलू नका."

तिने प्रिंटरच्या पाठीतली वायर धरली.

"पूर्वी प्रत्येक यंत्राची वायर वेगळी असायची. कीबोर्डची गोल, प्रिंटरची रुंद, एकीचं टोक दुसऱ्याला बसायचं नाही. मग शहाण्या लोकांनी ठरवलं, सगळ्यांना एकच प्रकारचं दार करू. ते यूएसबी. छान सोय झाली. पण सगळ्यांना एकच दार म्हणजे त्यातून कोणीही येऊ शकतो. या वायरीच्या पोटात चार बारीक तारा आहेत. दोन वीज नेतात, दोन निरोप नेतात. म्हणजे पाहुण्याला जेवायलाही वाढतात आणि त्याच्याशी बोलतातही. चपटं टोक यजमानाकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे. दुसरं, चौकोनी टोक पाहुण्याकडे. पाहुणा दारात आला की यजमान विचारतो, तू कोण? पाहुणा सांगेल ते तो खरं मानतो. मी कीबोर्ड म्हटलं की कीबोर्ड. मी डिस्क म्हटलं की डिस्क. तोंड बघत नाही, ओळखपत्र मागत नाही. भोळा असतो."

"मावशी, हे सगळं..."

"साहेब, मधे नको. मी चपटी टोकं लोखंडी पट्टीने बांधली. लाख लावली. तुम्ही मोहोर उठवली. आणि आपण दोघं हात झटकून निघून गेलो. वायरीला दोन टोकं असतात हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हे चौकोनी टोक इथे, दुसऱ्या खोलीत, नऊ दिवस मोकळं होतं. चोराला कॉम्प्युटरजवळ जायची गरजच नव्हती. तुमच्या यादीत सगळं आहे. अकरा एक्केचाळीसला प्रिंटर गेला, बेचाळीसला 'साठा' आला, एक्कावन्नला गेला, त्रेपन्नला प्रिंटर परत आला. एकाच वायरीवर, एकामागून एक. त्याच वेळात अनुस्वारची दोन प्रूफं अडकली आणि नंतर एकदम बाहेर पडली. चोर खुर्चीत बसलेला असता तर स्वतःचाच प्रिंटर त्याने कशाला तोडला असता?"

छिद्रातून यादी खाली-वर केल्याची टिकटिक आली. मग साहेबांचा आवाज आला, बारीक. "पण फाइल कोणी उतरवली? इथे तर मुलगी होती. तिने काहीच बटण दाबलं नाही?"

"तुमच्या सूचनेने उतरवली. गेल्या वर्षीची. 'साठा' नावाचा पाहुणा आला की त्याच्या पदरात दिवसाचं सगळं काम टाकायचं. मुकाट्याने, पडद्यावर काही न दाखवता. डिस्क तुमच्या कपाटात असली तरी नाव काय कोणालाही देता येतं. मात्र ते नाव माहीत हवं. अनुस्वारला माहीत नव्हतं, तिचं पहिलं वर्ष. मला माहीत होतं. गडगड्याला, काकांना. मी झडपेपाशी होते, चहा देणाऱ्या हाताला विचारा. गडगड्या कुठे होता ते पहारेकरी सांगेल."

गडगड्याने भिंतीकडे तोंड केलं.

"काका वजन करत होते. वहीत आहे," साहेब म्हणाले.

"आहे. म्हणून मी पाकिटं परत तोलली. कागद हवेतलं पाणी पितो, साहेब. चार दिवसांत प्रत्येक पाकीट पाच-सहा ग्रॅमनी वाढलंय. बत्तीस पाकिटं. सगळी सारखी, एखाद ग्रॅम इकडेतिकडे. आणि साडेअकरा ते बाराची आठ? एक नऊ ग्रॅमनी घटलंय, एक चौदाने वाढलंय, एक होतं तसंच. बंद पाकीट घटत नाही. ती आठ पाकिटं कधी काट्यावर चढलीच नाहीत. वजनं मनाने लिहिलीत, विचारपूर्वक, कमीजास्त करून. कारण त्या वेळी काटा पॅकिंगच्या खोलीत नव्हता." तिने काटा टेबलावर ठेवला. "इथे होता. आता पडद्याकडे बघा."

तिने वायर प्रिंटरमधून ओढली आणि काट्याच्या चौकोनी तोंडात खुपसली.

एक, दोन, तीन. प्रिंटरच्या खोलीत चौघंही भिंतीतल्या छिद्राकडे बघत होते. अनुस्वारने मावशीचा पदर मुठीत धरला होता, तिच्या ते लक्षातही नव्हतं.

"साठवणीचं उपकरण जोडलं," पलीकडून साहेब वाचू लागले. "नाव... नाव 'साठा'."

"काट्याचे सेल मी मघाशीच काढलेत," मावशी म्हणाली. "आतल्या तुकड्याला जेवण हीच वायर देते आहे. पोटात पेन ड्राइव्ह उघडी करून बसवली आहे, तोंडाला जोडून. वजन करतानाचा काटा निराळा, आणि पाहुणा निराळा. दारावर हात ठेवून बघितला त्यांनी. हाताचं वजन बरोबर आलं." ती वळली. "काम नेटकं आहे, काका. मलाही इतकं नेटकं जमलं नसतं."

काका खुर्ची शोधत होते. गडगड्यानेच ती पायाने पुढे सरकवली.

"विकायला नव्हतं," काका म्हणाले. "एक कागदही विकला नसता. मुलगा बसतोय परीक्षेला. तिसऱ्यांदा. औषधांच्या दुकानात खोकी उचलतो. दोनदा चार गुणांनी गेला. आता जेवायला बसला की ताटाकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो."

"तुम्ही लिहून दिलं होतंत, नात्यातलं कोणी परीक्षेला नाही," छिद्रातून साहेब म्हणाले.

"दिलं होतं."

"त्याला माहीत आहे?" मावशीने विचारलं.

"नाही. अभ्यासासाठी जुने प्रश्न म्हणून देणार होतो." त्यांनी अनुस्वारकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "पोरी, तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. यादी कोणी बघेल असंच वाटलं नव्हतं."

"आल्यावर तरी बोलायचं होतं," अनुस्वार म्हणाली. "सकाळी तुम्ही मला पाणी आणून दिलंत. माझी उशी फाडत होते तेव्हा."

काका मावशीकडे वळले. "तुम्ही आई आहात. तुम्ही काय केलं असतं?"

मावशीला या प्रश्नाचा राग यायला हवा होता. आला नाही.

"मी काय केलं असतं ते मला सकाळीच कळलं, काका. सही करायला मी पेनाचं टोपण काढलं होतं. शाईचा ठिपका आहे त्या कागदावर. मग ही कापूस भरताना दिसली. नसती दिसली तर आत्ता मी दवाखान्यात असते आणि ही चौकीत. म्हणून मी तुम्हाला शिव्या देत नाही. पण पोराचं भलं करायला तुम्ही दुसऱ्याची पोर पुढे केलीत, ते मी सोडणार नाही."

पाचला सात मिनिटं कमी असताना साहेबांनी नवा कागद आणला. मावशीने तो स्वतः लिहिला, सावकाश, आपल्या सातवीच्या अक्षरात. साहेबांनी वाचला आणि पहिल्या ओळीवर थांबले.

"'वायरीचं चौकोनी टोक मोकळं ठेवण्याची चूक माझी.' ही ओळ कशाला? चोर सापडला ना? हे वर गेलं तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावता येणार नाही."

"नका बोलावू."

"मग दुसरी ओळ. 'जुनी सूचना न काढण्याची चूक साहेबांची.'"

"ती तुम्ही वाचून दाखवलीत, बरं झालं. मला वाटलं माझं अक्षर लागणार नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी सही केली, आणि सकाळचा टाइप केलेला कागद फाडून खिशात टाकला.

लाख फुटली. दार आत ओढलं गेलं, आणि नऊ दिवसांचा कोंडलेला वास त्यांच्याआधी बाहेर पडला. गडगड्या उंबऱ्याबाहेर दोन पावलं गेला आणि संध्याकाळच्या उन्हात तोंड वर करून नुसता उभा राहिला. काका आत खुर्चीतच राहिले, त्यांच्यासाठी चौकीची माणसं यायची होती. पहारेकऱ्याने फोनची पेटी उघडली.

मावशीला फोन सापडला, पण चालू करायचं बटण सापडेना. आयुष्यभर बंद वस्तू चालू करणाऱ्या बाईची बोटं ऐकत नव्हती. अनुस्वारने तो तिच्या हातातून घेतला, चालू केला, 'विहीणबाई' शोधलं आणि कानाला लावून दिला.

दोनदा वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"कुठे होतात हो तुम्ही?" विहीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "अजून नाही झालं. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही. सारखी विचारते आहे, आई निघाली का."

"सांगा तिला," मावशी म्हणाली, आणि बोलता बोलताच ती रस्त्याने धावायला लागली होती. "सांगा, निघाली."